अकरा मिनिटांचा राग

दातांच्या लॅबमध्ये माणसं सहसा येत नाहीत. त्यांचे दात येतात. दवाखान्यांतून ठशांच्या डब्या येतात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असते, आणि त्यावरून मेणाचा, धातूचा, पोर्सिलीनचा दात घडवून परत पाठवायचा. गेली सात वर्षं ती हेच करत होती. गावातल्या कितीतरी लोकांच्या हसण्याला तिचा हातभार होता, पण त्यातलं एकही हसू तिने समोरून पाहिलं नव्हतं. म्हणून त्या दुपारी दार ढकलून एक उंच, छत्री विसरल्यामुळे निथळणारा माणूस आत आला, तेव्हा तिला वाटलं हा पत्ता चुकला.

त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालाच्या घडीत राखाडी धातूचे तीन तुकडे होते.

"एक दात करून हवाय," तो म्हणाला.

"कोणाचा?"

"फोनोग्राफचा."

ती हसली नाही, पण हसू आवरायला तिला खाली बघावं लागलं. त्याने सगळं नीट सांगितलं. जुना फोनोग्राफ, त्याची सुई जिथे बसते त्या छोट्या डबीची ही कड. त्या काळचा स्वस्तातला धातू होता, इतक्या वर्षांनी तो आपोआप फुगतो आणि बिस्किटासारखा तुटतो. सगळ्या दुरुस्तीवाल्यांनी हात वर केले होते. आत्याच्या कवळीच्या डबीवर या लॅबचा पत्ता होता. तो वाचून त्याला वाटलं, जी माणसं तोंडात बसेल इतकं बारीक काम करतात, त्यांना हे का जमू नये?

इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय काम घेत नाहीत, असं तिने सांगितलं.

"पेशंट शंभरीला टेकलाय," तो गंभीरपणे म्हणाला. "वाचा गेलीय."

तिने रुमाल ठेवून घेतला.

चार दिवस तिने डबा खायच्या सुट्टीत त्या कडेचं काम केलं. मेणात घडवलं, साच्यात ओतलं, घासून चकचकीत केलं. न्यायला या, असा फोन केला, तर तो म्हणाला, दात बसतोय की नाही ते पेशंटच्या तोंडात घालून बघायला नको का? रविवारी दुपारी या. आत्या घरीच असते, हे त्याने घाईघाईने दोनदा सांगितलं, आणि त्या घाईनेच ती तयार झाली.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार आत्याने उघडलं, तिला नखशिखांत न्याहाळलं, आणि तोंडभर हसली. ती कवळी आपलीच, हे तिने वरच्या डाव्या सुळ्यावरून ओळखलं. सात वर्षांत पहिल्यांदा तिचं काम तिच्याकडे बघून हसलं होतं.

फोनोग्राफ खिडकीपाशी होता. लाकडी पेटी, बाजूला फिरवायचं हँडल, आणि वर आतून निळा रंगवलेला मोठा भोंगा. तिने केलेली कड पहिल्याच प्रयत्नात बसली. त्याने नवी सुई लावली, हँडल फिरवून चावी दिली, सुई तबकडीवर टेकवली. आधी नुसती खरखर… आणि मग त्या निळ्या भोंग्यातून असा काही दंगा उसळला की ती दचकून मागेच सरकली. कॉर्नेट नावाचा एक पितळी कर्णा पुढे धावत होता, क्लॅरिनेट त्याच्या डोक्यावरून उड्या मारत होता, ट्रोम्बोन मधूनच लांब जांभई दिल्यासारखा घसरत होता, आणि खाली बँजो सगळ्यांना हाकत होता. जो तो आपलंच वाजवत होता आणि तरी कुणीच कुणाच्या पायात येत नव्हतं. तीन मिनिटांत खेळ खलास. तिच्या लक्षात आलं की आपला पाय हलतोय, आणि हेही लक्षात आलं की तो तबकडीकडे न बघता त्या पायाकडे बघतोय.

"हा हॉट जॅझ," तो म्हणाला. "तेव्हा माइक नव्हते. सगळ्यांनी एका भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचं. कॉर्नेटवाला फार जोरात वाजवायचा, त्याला पार मागे उभं करायचे. ढोलवाला तर जवळजवळ दारात."

"म्हणजे सगळे एकाच भोंग्यात ओरडत होते?"

"हो. आणि आपण त्याच्या दुसऱ्या टोकाला बसलोय."

तो पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचं काम करत असे. एक लांब दांडी रस्त्याला टेकवायची, दुसरं टोक कानाला, आणि खालचं पाणी कुठे वाट चुकतंय ते ऐकायचं. या पोटापाण्याच्या धंद्यामुळेच की काय, ऐकायचं कसं हे त्याला शिकवता येत होतं. डोळे मिटा आणि फक्त क्लॅरिनेटचा हात धरा, सुटला तर पुन्हा शोधा, असं तो सांगायचा. ती डोळे मिटायची, क्लॅरिनेट सुटायचा, आणि डोळे उघडले की तो घाईने दुसरीकडे बघायचा.

असे रविवारमागून रविवार गेले. तबकड्या आत्याच्या वडिलांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी आणलेल्या. ते जहाजावर भट्टीत कोळसा ओढायचे आणि दर सफरीतून एक तबकडी घेऊन यायचे. हँडल किती फिरवायचं, स्प्रिंग तुटू नये म्हणून कुठे थांबायचं, हे तिच्या हातावर हात ठेवून त्याने एकदा दाखवलं. नंतर दोन-तीनदा तिनेच मुद्दाम विसरल्यासारखं केलं. आत्या आतून मोठ्याने खोकायची, पण बाहेर यायची नाही.

ती घरी गुणगुणत यायची, ते तिच्या बाबांच्या कानावर होतंच. ते काही विचारत नसत. त्यालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं आणि तिने ते मोडलं होतं. मुलगा कधी आवाज चढवायचा नाही. तो बोलणं बंद करायचा. एकदा त्याच्या कागदांवर तिच्या हातून चहा सांडला. तो एक शब्द बोलला नाही, आणि मग नऊ दिवस बोललाच नाही. नऊ दिवस ती फोनकडे बघत बसली. पुढे पुढे ती कप ठेवतानासुद्धा दोनदा विचार करू लागली. शेवटी बाबांनीच सांगितलं, पुरे झालं. लग्न मोडलं, पण आपल्या हातून काही चुकलं की ते लपवायचं, ही सवय तिच्या अंगात राहिली.

आत्याच्या वडिलांच्या तबकड्यांत एक होती जिचा मधला कागद झिजून पांढरा झाला होता. वाजवणारे कोण, गाणं कुठलं, कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे तशी दुसरी शोधायची म्हटली तरी शोधणार काय? तिच्यातला कॉर्नेट सगळ्यांत गोड. पण मधलं भोक झिजून लांबट झाल्यामुळे तबकडी डुलायची आणि सूरही डुलायचे. ती सहज बोलून गेली, कवळीच्या मसाल्याने भोक बुजवून नवं बरोबर मध्यावर पाडता येईल. तो बराच वेळ तबकडी हातात धरून उभा राहिला. मग स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळून त्याने ती तिला दिली.

सोमवारी तिने भोक दुरुस्त केलं. काम झकास झालं. मंगळवारी लॅबमधल्या मैत्रिणीने विचारलं, एवढं काय आहे त्या गाण्यात? तिने तबकडी हातात घेऊन ती चाल गुणगुणली, एक गिरकी घेतली, आणि तबकडीची कड नळाच्या तोटीवर आदळली.

आवाज फारसा झाला नाही. तिच्या हातात दोन तुकडे होते.

मैत्रीण म्हणाली, सांगून टाक. ती हो म्हणाली आणि त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा म्हणाली, काम चालू आहे, वेळ लागेल. या रविवारी जमणार नाही. तो म्हणाला, बरं. पुन्हा फोन आला, तेव्हा तिने मैत्रिणीला उचलायला लावला. एकीकडे ती भिंगाखाली ते तुकडे जुळवत होती. एकेक रेघ समोरच्या रेघेला भिडवायची, केसाएवढं इकडेतिकडे झालं की सोडवून पुन्हा पहिल्यापासून. पुलासारखी दातांची रांग जोडणाऱ्या तिच्या हातांनाही हे सहज जमेना. बाबांनी विचारलं तेव्हा त्यांना मात्र तिने खरं काय ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, तो कसा आहे ते आता कळेल. त्या बोलण्याने तिची भीती वाढलीच.

तिसऱ्या आठवड्यात आत्याचा फोन आला. कवळी टोचते म्हणाली. कुठे टोचते विचारलं तर म्हणाली, कुठेच नाही, पण आमचा भाचा ताटावरून अर्धवट उठतो. त्याला वाटतंय, रस्त्याला कान लावून फिरणाऱ्या माणसाला कंटाळलीस. तसं असेल तर तसं सांग बाई, म्हणजे तो एकदाचा रडून मोकळा होईल.

त्या रविवारी ती स्वेटर छातीशी धरून दोन मजले चढली. आत्या शेजारी गेली होती. त्याने दार उघडलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला की तिने स्वेटर आणखी घट्ट धरला. आत येऊन, न बसता, तिने एका दमात सांगितलं. तुटली. माझ्या हातून. मी नाचत होते, नळाच्या तोटीवर आपटली. जोडलीय, पण तुटलीय. आणि मी दोन आठवडे खोटं बोलले.

त्याने स्वेटर उघडला. सांध्यावरून बोट फिरवलं. काही बोलला नाही. तिने मनात मोजायला सुरुवात केली… आता नऊ दिवस, की कायमचंच?

"मला राग आलाय," तो म्हणाला.

तिने मान वर केली.

"खूप राग आलाय. तुटल्याचा आहेच, पण फोन न उचलल्याचा जास्त. मी जरा खाली एक चक्कर मारून चिडून येतो. तू जाऊ नकोस. चहा ठेव."

आणि तो चप्पल घालून खरोखरच निघून गेला. तिने चहा ठेवला. खिडकीतून खाली बघितलं, तर तो रस्त्याने हातवारे करत, स्वतःशी बोलत चालला होता. एका खांबापाशी थांबून त्याने त्या खांबाला काहीतरी ठणकावून सांगितलं. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि गंमत म्हणजे भीती कुठे वाटत नव्हती. हा राग तिला वरून दिसत होता. तो कोपऱ्यावर वळला, पलीकडून परत आला, जिन्यात त्याची पावलं वाजली.

"अकरा मिनिटं लागली," तो धापा टाकत म्हणाला. "संपला. थोडा उरलाय, पण तो त्या नळाच्या तोटीवर."

तिचा जीव भांड्यात पडला, तो असा पडला की ती खाली फरशीवरच बसली. तोही समोर बसला. मग त्याने कबूल केलं की तबकडीचं वाईट वाटलं, पण दार उघडल्यावर ती दिसली तेव्हा त्याचाही जीव असाच भांड्यात पडला होता. गेले दोन आठवडे तो ज्याला भीत होता ते तबकडी तुटण्यापेक्षा फार मोठं होतं. तिने त्याला नऊ दिवसांची गोष्ट सांगितली. चहा, कागद, फोन, सगळं. तो मध्ये एकदाही बोलला नाही, पण हे गप्प राहणं वेगळं होतं. तो ऐकत होता, रस्त्याखालचं पाणी ऐकतो तसा, कुठे गळतंय ते शोधत.

"मी पुढेही चिडेन," तो शेवटी म्हणाला. "खोटं कशाला सांगू? पण सांगून चिडेन. आणि परत येईन."

"चालेल मला."

"काय चालेल?"

ती त्याला इतके दिवस अहो-जाहो करत होती. तो मघाशी चिडण्याच्या भरात तिला 'तू' म्हणून गेला होता, ते त्याच्या लक्षातही नव्हतं. तिच्या मात्र होतं.

"तू," ती म्हणाली.

त्याला समजायला एक क्षण लागला. मग त्याचे कान लाल झाले, आणि ज्या हाताने तो सुई इतक्या अलगद टेकवायचा, त्याच हाताने त्याने तिच्या गालावर आलेली बट मागे सारली.

तबकडी त्यांनी लावली. सांध्यावरून जाताना दर फेऱ्याला सुई टक् करायची, पण सूर आता डुलत नव्हते. कॉर्नेट कधी नव्हे इतका सरळ, स्वच्छ वाजला. आत्या दारात येऊन उभी राहिली, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. वडील गेल्यापासून हे गाणं मी असं ऐकलं नव्हतं, असं तिने पदराने डोळे पुसत सांगितलं. मग म्हणाली, चहा उकळून आटलाय, नवा टाकते.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा बाबा वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण पान उलटलेलं दिसत नव्हतं.

"चिडला का गं?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "फार चिडला."

ते तिने अशा काही आनंदाने सांगितलं की बाबांनी चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं. मग चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, त्याला जेवायला कधी बोलवायचं?