नकाशातलं टेबल

लॅपटॉप छातीशी धरून ऋतिका धावतच हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकशी, त्या हंगामी लाकडी खानावळीशी, पोचली... आणि थबकली. शॅक होता कुठे? वाळूत नुसते खांब, आणि त्यांतल्या एकाला मिठी मारून गदागदा हलवणारा एक उंच तरुण!

"हय प्लग मेळात?" तिने विचारलं.

"मेळात," तो तरुण, साईश, हसला. "पण आधी भिंत मेळाक होयी."

तरी त्याने जनरेटरची वायर ओढून दिली, पेटी उपडी घालून टेबलही केलं.

ऋतिका गोव्यातल्याच आमोण्याची, इथे मावशीकडे राहून काम करायची. नेमकी आजच मावशीकडची वीज गेली होती. बेंगळुरूच्या कंपनीने बजावलं होतं — पाचपर्यंत काम फत्ते झालं तर खुशाल गोव्यातून नोकरी कर; नाहीतर सोमवारी इकडे हजर!

काम म्हणजे एक टेम्प्लेट. कोणते सर्व्हर, कोणता डेटाबेस, कशामागून काय... एकदा लिहून दिलं की क्लाउड सगळं आपोआप उभारतं. आपण स्क्रीनवर एकेक ओळ हिरवी होताना बघायची. पण शेवटची ओळ लाल होत होती, आणि उभं राहिलेलं सगळंच मोडून पडत होतं. दोनदा झालं. तिचे डोळे भरून आले.

"क्रम बरोबर आसा रे... डेटाबेस आधी, ॲप मगे. तरी मोडताच!"

साईशने खांबांवर रंगवलेले आकडे दाखवले. शॅक दर मे अखेर, पावसाआधी उतरवायचा, ऑक्टोबरात त्याच नकाशावरून पुन्हा उभारायचा.

"क्रम आमचो पण आसा. पण खांब उभो केलो म्हणजे बसलो नाय गो. हालवन बघतंय... घट बसलो, तरच फुडचो."

ऋतिका बघतच राहिली. डेटाबेस तयार व्हायच्या आतच ॲप त्याच्यावर भार टाकत होतं! कंपनीतल्या मोठमोठ्यांना सुचलं नाही, ते ह्या रंगाने बरबटलेल्या हातांना ठाऊक होतं. तिने 'तयार होईपर्यंत थांब' एवढं लिहिलं. हिरवी... हिरवी... शेवटचीही हिरवी! पाचला सात मिनिटं होती.

"तू तर इंजिनियर रे!"

"आणि तू सुतार," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मावशीकडे वीज आली, तरी ऋतिका रोज येतच राहिली. भिंती आल्या, छप्पर आलं. एका संध्याकाळी तिची नजर त्याच्या नकाशावर गेली. समुद्राच्या बाजूला, बारा आणि तेरा नंबरच्या खांबांमध्ये पेन्सिलीने एक नवा चौकोन काढलेला — टेबल, प्लग.

"ह्यां कोणासाठी?"

"...तुझ्यासाठी."

"ह्या वर्षापुरतां?"

"नकाशात घातलां म्हणजे... दर वर्षी उभां रवतलां."

तिने त्या चौकोनावर बोट ठेवलं. "हालवन बघलंस?"

"तूच बघ."

तिने त्याचा हात धरून गदागदा हलवला. त्याने तिचा हात सोडला नाही.