एमस गेल्याची बातमी

एमस गफ सापडला तेव्हा मी स्वयंपाकघरात रूबार्बचे आंबट देठ चिरत होते. फोनवर फोटो उघडला, हातातला सुरा टाकला आणि चक्क किंचाळले. साठी उलटलेली, जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलेली बाई मी. पण त्या दिवशी ओट्याभोवती नाचले!

एमस म्हणजे माझ्या आईचा पणजोबा. इंग्रजांच्या फौजेतला साधा शिपाई. १८५२ साली पलटणीबरोबर ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला. बायको मार्था आणि तान्हा मुलगा मागे राहिले, इथे इंग्लंडात, क्लन गावी नदीकाठच्या याच घरात. तो परत आला नाही आणि बातमीही आली नाही. चर्चच्या आवारात मार्थाच्या थडग्याच्या दगडावर तिच्या नावाखाली एका ओळीची जागा सोडलेली आहे. आईच्या डोळ्यांदेखत ती भरायची, एवढाच माझा ध्यास होता. आई एक्क्याण्णव वर्षांची. वेळ थोडा होता.

किती वर्षं मी त्याच्या मागे होते! लष्कराची दप्तरं उपसली. तीन एमस गफ हाती लागले: एक दारुडा, एक पळपुटा, एक बिगूल वाजवणारा. आमचा एकही नव्हे. आणि आता ब्रह्मदेशातल्या थायेटम्योच्या दॉ खिन ह्ला नावाच्या शिक्षिकेने वेली तोडून एका थडग्याचा फोटो पाठवला होता. एमस गफ, क्लनचा, वय सव्वीस, पटकीने मृत्यू.

"आई, सापडला! इरावतीकाठी पुरलाय!"

आईने कप खाली ठेवला. तिने परसदाराकडे पाहिलं.

"हळू बोल गं," ती म्हणाली.

त्या दाराला आमच्याकडे कधी कडी लागली नाही. दुपारच्या चहाला आई एक कप जास्तीचा भरून दाराजवळच्या फळीवर ठेवायची. तिची आजीही ठेवायची म्हणे. जुन्या घरांच्या जुन्या खोडी, असं मी समजत होते. संध्याकाळी तो कप रिकामा असायचा. मला वाटे, आईच पिते.

भिंतीपलीकडून शेजारच्या पर्सी बेबने मुंडी वर काढली. "काय मास्तरीणबाई, लॉटरी लागली की नवरा मिळाला?"

"पणजोबाचा बाप मिळाला! मेलेला."

"मग परसातल्या मधमाश्यांना सांगितलंस का? घरचं माणूस गेलं की आधी त्यांना सांगायचं, नाहीतर रुसून निघून जातात. तुझा बाप गेला तेव्हा तुझ्या आईने, एनिडनेच सांगितलं होतं."

खरं होतं. आईने घराची किल्ली मधपेटीवर तीनदा वाजवली होती आणि म्हणाली होती, 'हेन्री गेला. जाऊ नका, राहा.' तेव्हा मला हसू आलं होतं. आज मात्र मी आनंदाने किल्ली उचलली.

"हेस्टर, नको," आई म्हणाली. "मार्थाने सांगितलं नाही. आजीने नाही, मी नाही."

"तुम्हाला ठाऊकच नव्हतं, आई!"

"आम्ही सांगितलं नाही," ती पुन्हा म्हणाली.

मी ऐकलं नाही. सफरचंदाची झाडं फुलली होती, ऊन लख्ख होतं, पेट्या नुसत्या घुमत होत्या. मी किल्ली तीनदा वाजवली.

"एमस गेला. जाऊ नका, राहा."

घुमणं थांबलं. एकाच पेटीतलं नव्हे, सगळ्या पेट्यांतलं.

मागे फरशीवर बुटांचा आवाज येत होता. बेबच असणार, असं मला वाटलं. तो आवाज निम्म्या वाटेत थबकला. वळून पाहिलं तर अंगणात कोणी नव्हतं. बेब भिंतीपलीकडे होता आणि त्याने टोपी काढली होती.

मी धावत आत आले. आई खुर्चीत बसून रडत होती.

"त्याला माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. "रोज घरी यायचा बिचारा."

मी घाबरले होते. जन्मात पहिल्यांदा मी त्या दाराला कडी लावली.

बाहेरून दारावर लोखंड वाजलं. तीनदा.

मग एक तरुण आवाज आला. रागावलेला नव्हता. कोणाची समजूत घालावी तसा हळू होता.

"एनिड गेली. जाऊ नका, राहा."

मला मागे वळवेना. शेवटी वळले. आई खुर्चीतच होती, हात कपावर.

"काय म्हणाला गं तो?" तिने विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही."

"काही नाही, आई," मी म्हणाले.

याला आता तीन आठवडे झाले. दगडावरची ओळ मी कोरून घेतलेली नाही. आई खुर्चीत बसते, माझ्याशी गप्पा मारते, हवापाण्याची चौकशी करते. तिचे हात फार गार असतात. मी चहा ओतते, आणि तिचा कप संध्याकाळपर्यंत तसाच भरलेला राहतो.

बेब रोज भिंतीवरून विचारतो, "एनिड कशी आहे?"

"बरी आहे," मी सांगते. त्याला मी मधपेट्यांजवळ येऊ देत नाही. किल्ली माझ्याच खिशात असते.