दाब, धर, सोड

ऊन कलता कलता चौकीत धाकट्या भावाचा फोन आला, "दादा जीपखाली सापडलाय. हलत नाहीये."

इन्स्पेक्टर बाई पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. घराला लागूनच गॅरेज. सहाफुटी थोरला जीपखाली निपचित. हातात पाना, शेजारी बाटलीत क्लचमधून काढलेलं काळपट ऑइल. जॅक पार खाली बसलेला.

"एकटाच काम करत होता," बुटका धाकटा दारातूनच म्हणाला. "मी दुपारभर दुकानात होतो. आलो, इथूनच पाहिलं. आत पाऊल टाकायचा धीरच झाला नाही."

थोरल्याला बाहेर काढल्यावर बाई जीपमध्ये शिरल्या. गुडघे स्टिअरिंगवर आपटले. त्यांनी क्लच दाबला. पेडल घट्ट होतं.

वरच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली.

"काही ऐकलंत, मावशी?"

"थोरल्याचाच आवाज. दाब... धर... सोड. त्याचे वडील असेच पेडलवर बसायचे. जाऊन वर्षं झाली त्यांना." ती कुजबुजली, "आज आले होते, बाई. शेवटी पोरगा नुसतंच सोड, सोड म्हणत होता. मग शांत झालं. मला वाटलं, काम झालं."

बाई जिना उतरल्या. खाली फाटकापाशी धाकट्याची बाइक उभी होती. टाकीचा लाल रंग चार बोटांच्या आकारात फुगून सुटला होता. ओला, ताजा.

त्यांनी धाकट्याला वर बोलावलं.

"क्लचमधली हवा काढायला तुमच्या दादाला दुसरं माणूस लागायचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालून नट सैल करायचा. पेडल घट्ट आहे, म्हणजे हवा पूर्ण निघालीय, कुणीतरी शेवटपर्यंत दाबत होतं. आणि सीट इतकी पुढे, की दादाचे पाय मावलेच नसते."

"म्हणून मीच?"

"क्लचचं ऑइल रंग खातं. बॉनेटखालच्या डबीत नवीन ऑइल तुम्ही ओतलंत आणि त्याच हातांनी बाइकची टाकी धरलीत. आत पाऊलही टाकलं नाही म्हणता ना? जॅकही आपोआप बसलेला नाही. त्याचा व्हॉल्व्ह कुणीतरी उघडलाय."

धाकटा उंबऱ्यातच खाली बसला.

"मागे ही जीप चालवताना माझ्या हातून एक माणूस उडाला. मी थांबलो नाही. दादाला बंपरवरून कळलं. म्हणाला, क्लच झाला की ह्याच जीपने चौकीत जाऊ, मी आहे तुझ्याबरोबर." तो हुंदके देऊ लागला. "मला तुरुंगात नव्हतं जायचं."

"म्हणजे ते सोड, सोड... तुला म्हणत होता?" आईने विचारलं.

"हो. जॅकवरचा हात सोड म्हणत होता."

"मग वर आलास," आई म्हणाली. "मला पाणी पाजलंस. दादा कुठाय विचारलं, तर म्हणालास, झोपलाय."

तो तिच्या पायांकडे सरकला. तिला पाय हलवता येत नव्हते. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाई, ह्याला न्या. आणि मला कुणीतरी उचलून थोरल्यापाशी ठेवा. केव्हाचा एकटाच पडलाय तो."