डाव्या मनगटातली नाडी

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी थिएटरमधल्या नर्सने पेशंटला भेटून यायचं, ही कानाझावाच्या त्या इस्पितळाची जुनी पद्धत. ओरिए त्सुबाता बावीस वर्षं ती पाळत होती. दुपारी ती चिझुरूच्या खोलीत गेली, तेव्हा आई फुमिए खिडकीशी बसून फळ सोलत होती.

चिझुरू चोवीस वर्षांची, सोन्याच्या वर्खाच्या कारखान्यात कामाला. महाधमनीच्या सुजेने डाव्या हाताची रक्तवाहिनी सात वर्षांपूर्वीच बुजवली होती. आता छातीत त्या धमनीचा फुगा झाला होता. फुटायच्या आत तो तुकडा बदलणं भाग होतं.

"डावीकडे नाडी शोधू नका, सिस्टर," चिझुरू हसली. "तिथे कुणी राहत नाही. म्हणून तर वर्ख उचलताना हात हलत नाही माझा."

"गप गं!" फुमिए म्हणाली. मग ओरिएकडे वळून, "उद्या हिला मला परत आणून द्या. एवढंच मागते."

ओरिएने सवयीने दोन्ही मनगटं धरली. उजवीकडे चौऱ्याऐंशी ठोके. डावीकडे काहीच लागायला नको होतं. तिथे अट्ठेचाळीस लागले.

तिने सर्जन डॉक्टर होरितांच्या खोलीत जाऊन हे सांगितलं. "स्वतःच्याच बोटाची नाडी लागली असेल," ते म्हणाले. "शिकाऊ पोरी करतात ही चूक. आता तुम्हीसुद्धा?"

ओरिए ओशाळली. बाहेर येऊन तिने स्वतःची नाडी मोजली. बहात्तर. परत जाऊन चिझुरूला तपासणीचं यंत्र लावून पाहिलं, तर डाव्या हाताच्या त्या वाहिनीत रक्त वाहतच नव्हतं. फुमिएला ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा चाळीसला चिझुरूचं हृदय थांबवलं. हृदयाऐवजी बाहेरचं यंत्र रक्त फिरवत होतं, पण नळाच्या धारेसारखं, संथ. अंगात कुठेही ठोका उरला नव्हता.

ओरिएने हिरव्या कापडाखाली हात घातला.

अट्ठेचाळीस.

"काय झालं, त्सुबाता?"

"काही नाही, डॉक्टर." ती मनातून पुरती घाबरली होती, पण मनगट तिने सोडलं नाही.

नवी नळी शिवून झाली. हृदयाला झटका दिला. ते सुरू झालं, आणि त्याच क्षणी तिच्या बोटांखालचा ठोका थांबला.

पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांचा आकडा स्थिरावला. अट्ठेचाळीस.

"वा, शांत चाललंय," होरिता म्हणाले.

तिसऱ्या दिवशी फुमिए मुलीचा हात कुरवाळत रडत होती, हसत होती. ती पाणी आणायला बाहेर गेली, तशी चिझुरूने ओरिएला जवळ बोलावलं.

"फार मायाळू बाई आहेत हो," ती हळूच म्हणाली. "त्यांची मुलगी अजून आली नाही का?"