वाऱ्यातलं न दिसणारं अक्षर

आई डोक्यावर घिरट्या घालत होती आणि मोबाइल तिला खाली येऊ देत नव्हता.

खारवाडीच्या वायुतळावर कृत्तिका या पायावरून त्या पायावर नाचत होती. आईची वायुनौका (हलक्या वायूच्या प्रचंड फुग्याखाली तरंगणारं जहाज) दोन महिन्यांनी परतली होती. तिला धरून खाली ओढणारा यांत्रिक हात मात्र मोबाइलवरच्या अ‍ॅपनं वाऱ्याचा वेग कळवल्याखेरीज उघडत नसे. पूर्वी इथे वाऱ्याचा अंदाज देणारी एक कापडी पिशवी काठीला फडफडत असे. तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नसल्यानं तिला मागासलेली ठरवून काढून टाकलं होतं.

"कृत्ते, बॅटरी संपत आलीय गं, जेमतेम गोव्यापर्यंत पुरेल," रेडिओवर आईचा आवाज आला. "इथे नाही जमलं तर तिथेच उतरते. मग पुढच्या आठवड्यात भेटू."

"पुढच्या आठवड्यात? आबा, करा ना काहीतरी!"

आबा म्हणजे तिचे आजोबा, हे अ‍ॅप तयार करणारे शास्त्रज्ञ. घाई हा शब्द त्यांनी ऐकला होता, पण वापरून पाहिला नव्हता.

"मोबाइल काय म्हणतो?"

"म्हणतो, सातव्या ओळीत उघडणारा आणि मिटणारा टॅग जुळत नाही. मी दोनदा बंद करून चालू केला. एकदा आपटलासुद्धा."

"म्हणजे शास्त्रीय उपाय संपले. आता वाचून बघू." आबांनी फाइल उघडली. "वारा मोजणाऱ्या खांबाकडून दर मिनिटाला एक एक्सएमएल फाइल येते. तिच्यात माहिती डब्यांत भरलेली असते. टॅग म्हणजे डब्यावरचं नाव. सुरुवातीला नाव, मग आतला माल, शेवटी तिरकी रेघ देऊन पुन्हा तेच नाव. पार्सर (फाइल वाचून तिचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम) दोन्ही नावं ताडून पाहतो. जरा फरक दिसला की रुसला!"

कृत्तिकेनं सातवी ओळ पाहिली.

<वाऱ्याचा_वेग>१४</वार्‍याचा_वेग>

"जुळतंय की! त्या पार्सरलाच चष्मा लागलाय."

"तुला आकार दिसतात, त्याला आकडे. संगणकात प्रत्येक अक्षराला, अगदी काना-मात्रेलासुद्धा, आपापला क्रमांक असतो. बघू नकोस, मोज."

तिनं मोबाइलकडून मोजून घेतलं. पहिल्या नावात बारा खुणा निघाल्या, दुसऱ्यात तेरा.

"हा तेरावा कोण?"

"ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक कीबोर्ड त्यासाठी वेगळ्या क्रमांकाचा र वापरतो. दुसरा आपला साधाच र घेतो, त्याचा पाय मोडतो आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह (अक्षरं एकमेकांना कशी जोडायची एवढंच सांगणारी खूण) घालतो. पडद्यावर दोघे जुळे भाऊ."

"पण एकाच ओळीत दोघं कसे आले?"

"कालपर्यंत टॅग इंग्रजीत होते. मराठी पंधरवड्यानिमित्त वायुतळाच्या कचेरीनं ते मराठीत आणले. दोन साहेबांनी काम समसमान वाटून घेतलं. एकानं सगळे उघडणारे टॅग लिहिले, दुसऱ्यानं सगळे मिटणारे."

कृत्तिकेला हसायलाही वेळ नव्हता. तिनं उघडणारं नाव कॉपी करून मिटणाऱ्या नावाच्या जागी चिकटवलं. पडद्यावर वेग उमटला, यांत्रिक हात कुरकुरत उघडू लागला आणि लगेच पुन्हा मिटला. खांबाकडून नवी फाइल आली होती, तीच चूक घेऊन.

"दर मिनिटाला हेच करत बसू का मी?"

वर वायुनौकेचं तोंड दक्षिणेकडे वळू लागलं.

"आबा, फाइल दुरुस्त करून भागायचं नाही! पार्सरच्या हाती जाण्याआधीच सगळे ऱ्य एका जातीचे करून टाकले तर?"

"आत्ता कशी! ह्याला प्रमाणीकरण म्हणतात (एकाच गोष्टीची निरनिराळी रूपं एका रूपात आणणं). आता माझ्या प्रोग्रॅममध्ये लिही तसा नियम."

साधा र, मोडलेला पाय आणि न दिसणारं चिन्ह दिसलं, की त्यांच्या जागी वेगळा र आणि मोडलेला पाय ठेव. एवढंच लिहायचं होतं. घाईत ती एकदा चुकली, तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं.

नवी फाइल आली. वेग उमटला. हात उघडला. आणखी एक फाइल आली. हात उघडाच राहिला.

"आई, वळू नकोस! ये!"

थोड्या वेळानं आईच्या गळ्याला मिठी पडली, तेव्हा आईनं विचारलं, "अडलं होतं तरी कशानं?"

"तुझ्या नि माझ्यामध्ये एक अक्षर होतं."

"कुठलं गं?"

"ते दिसत नाही. मोजावं लागतं."

"पुढच्या महिन्यापासून चंद्रतळाच्या फाइलीही मराठीत येणार आहेत म्हणे," आबा शांतपणे म्हणाले.

"येऊ देत की!" म्हणत कृत्तिका आईची बॅग ओढत घराकडे पळत सुटली.