रावणाचे डोळे

शनिवारी दुपारी गोदा ऑफिसातून घरी आली तेव्हा तिचे वडील भागोजी ओट्यावर सोंग कोरत बसले होते. कोकणातल्या नमनाच्या खेळातली लाकडी सोंगं, म्हणजे मुखवटे, करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. पटाशीवर एक ठोका मारायचे आणि थांबायचे. लाकूड काय म्हणतं ते ऐकायचे.

"काय गो, माझा रावण गेला काय त्या मशीनीत?"

"गेला, दादा."

"माझ्या नावानिशी?"

"होय."

"बरा झाला. नायतर आंधळाच राह्यचा बिचारा."

त्यांच्या घरची रीत तशी होती. डोळ्यांची भोकं सगळ्यात शेवटी पाडायची, आणि तेव्हाच करणाऱ्यानं सोंगाच्या कानात आपलं नाव सांगायचं.

गोदा खोटं बोलली होती. १९८८ साली रत्नागिरीच्या तिच्या ऑफिसात जुन्या कलावस्तूंची नोंद संगणकावर सुरू झाली होती. वस्तूचं चित्र पडद्यावर हिरव्या ठिपक्यांनी उमटे, माहिती गोदा भरे. भागोजींनी कोरलेलं रावणाचं सोंग तिथे आलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "जिवंत सुताराचं काम संग्रहात बसत नाही. अज्ञात कारागीर, दोनशे वर्षांपूर्वीचं, असं भरा. तुमची नोकरी कायम करायला मी लिहितोच आहे." तिनं तसं भरलं होतं.

रविवारी पहाटे भागोजी झोपेतच गेले.

तेराव्यानंतर ती कामावर आली आणि आधी तीच नोंद उघडली. नोंद भरताना उघडे असलेले रावणाचे डोळे पडद्यावर अर्धे मिटले होते. तिनं दुसरी फ्लॉपी घातली. तेच. मग 'अज्ञात' पुसून वडिलांचं नाव टाकलं, साठवलं, पुन्हा उघडलं.

अज्ञात. डोळे आणखी मिटलेले.

"दमट हवा, बाई," साहेब पडद्याकडे न बघताच म्हणाले. "यंत्र आहे, होतं असं."

ती ऑफिसच्या कोठीत गेली. पेंढ्यातून सोंग बाहेर काढून खिडकीतल्या उन्हात धरलं.

डोळ्यांची भोकं नव्हती.

तिनं बोटानं चाचपलं. कुणी बुजवलेली नव्हती. शिवणीच्या लाकडाचे रेषे कपाळापासून गालापर्यंत सलग उतरले होते. तिथे पटाशी कधी लागलीच नव्हती.

तिनं लाकडी कानाशी तोंड नेलं.

"भागोजी," ती म्हणाली. "भागोजी सुतार."

आतून एक ठोका आला.

मग ठोकणारा थांबला, दादा लाकडाचं ऐकायला थांबायचे तसा.

नाव ऐकून झालं होतं, तरी तो पुढचं काही ऐकायला थांबूनच राहिला.

"दादा," गोदा म्हणाली, "तुमचं नाव मी घातलंच नव्हतं. मला ठाऊक होतं, तरी नाही घातलं."