पुन्हा धुवा

कोणी हात धुतले आणि कोणी नाही, हे बघत बसणं हे माझं काम होतं. हसू नका पोरींनो, खरंच होतं. कोल्हापुरातल्या त्या लहान मुलांच्या दवाखान्यात पेट्यांच्या खोलीच्या दाराशी मला स्टूल टाकून बसवलं होतं. पेट्या म्हणजे दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं ठेवायच्या काचेच्या पेट्या. दोन हजार दोन साल असेल. डॉक्टर विजयसिंह सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "कांबळे सिस्टर, खोलीत जंतू शिरलाय. एकामागून एक बाळं जायला लागलीत. कोणाच्या तरी हातानं तो पेटीत जातोय. तो हात मला शोधून द्या. तुमच्या तोंडाला सगळे भितात, म्हणून तुम्हालाच सांगतोय."

ते काही खोटं नव्हतं. माझं नाव संघप्रिया, पण माझ्या मागं सगळी मला फौजदारीण म्हणायची. मला ठाऊक होतं आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

नियम साधे होते. दारातल्या लाल पट्टीच्या अलीकडं चपला काढायच्या. हिरवा गाऊन, टोपी, तोंडाला मास्क. मनगटात काही नको. कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, निर्जंतुक रुमालानं कोरडे करायचे आणि मगच बाळाला हात लावायचा. पण सांगून सांगून माझा घसा बसला तरी पालथ्या घड्यावर पाणी. कोणाच्या मनगटात गंडा, कोणाच्या बोटात अंगठी. धोंडुबाई म्हणून आया होती, ती तर दारातच भांडायला उभी राहिली.

"बांगड्या न्हाय काढणार सिस्टर. सवाशिणीचा हात मोकळा ऱ्हात न्हाय."

"मग बाहेरची फरशी पूस. पेटीजवळ यायचं नाही."

"म्हंजे माझ्या बांगड्यांनी पोरं मरत्यात व्हय?"

"ते मी बघायलाच बसलीय. काढ."

तिनं बांगड्या काढून पदराला बांधल्या आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नाही तर नाही. माझं लक्ष होतं मोनाच्या पोरीकडं.

मोना इचलकरंजीची. नवरा यंत्रमागावर पाळीनं काम करायचा. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. ही पोरगी सातव्या महिन्यात झाली, तळहातावर मावेल एवढी. मोना काचेबाहेर उभी राहायची, खाली बस म्हटलं तरी बसायची नाही. एकदा माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, हिला तरी घरला नेऊ द्या मला." जशी काही मीच तिला अडवून धरली होती. माझ्या जिवाला लागलं. दटावूनच म्हटलं, नेशील, रडू नको. आणि मनाशी ठरवलं की ही पोरगी आईच्या कुशीतच इथनं बाहेर पडेल.

जिच्यामुळं हे सगळं सांगतेय, ती बाई मला पहिल्यांदा दिसली ती दुपारची. जेवणाची वेळ, वॉर्ड शांत, यंत्रांची टिकटिक तेवढी चाललेली. खोलीच्या आत कोपऱ्यात एक जुना नळ होता, कोपरानं दांडा सरकवून सोडायचा. तिथं हिरव्या गाऊनातली एक बाई पाठमोरी उभी राहून हात धुत होती. नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, कोपरापर्यंत. घाई कसली म्हणून नाही. मी बघतच राहिले. अशी बाई इतके दिवस माझ्या नजरेतनं सुटली कशी? तिनं कोपरानं नळ बंद केला, खिडकीकडच्या एका पेटीपाशी गेली आणि दोन्ही हात पेटीच्या भोकांतनं आत घातले.

संध्याकाळी त्याच पेटीतलं बाळ गार पडलं. सकाळी गेलं.

बाळं जातच होती, त्यामुळं तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. उलट सोनमला, आमच्या स्टाफ नर्सला, मी सुनावलं, "त्या बाईकडनं शीक जरा. हात कसे धुतात बघ."

"कुठल्या बाईकडनं?"

"काल दुपारी धुत होती ती."

"काल दुपारी आत मी आन् धोंडुबाईच होतो की, सिस्टर."

मी म्हटलं, तुमच्या टोप्या आणि मास्क बघून कोण कोणाला ओळखतंय. विषय तिथंच राहिला.

त्यानंतर ती पुन्हा दिसली. आभाळ भरून आलेलं होतं, खोलीत दिवे लावूनही अंधारल्यासारखं वाटत होतं. नळाचा आवाज आला म्हणून मी मान वर केली. तीच बाई, तसेच हात. या वेळी मी नीट बघितलं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाई हात पुसत नव्हती. रुमालांचा डबा हाताशी होता, पण ती त्याच्याकडं बघतही नव्हती. कोपरांवरनं पाणी फरशीवर गळत होतं. तसल्या ओल्या हातांनी ती वळली आणि मोनाच्या पोरीच्या पेटीकडं निघाली.

मी स्टुलावरनं उठून आत गेले. जवळ जाताच वास आला. बरेच दिवस न धुतलेल्या पिंपातल्या पाण्याचा वास. तिचे हात पांढरेफटक पडले होते, दिवसभर कपडे धुतल्यावर बोटं सुरकुततात तसे, फक्त ते कोपरापर्यंत. मास्कवरचे डोळे साधेच होते. पापण्या ओल्या होत्या. मग तोंडातनं सवयीनं तेच निघालं, जे मी दिवसभर सगळ्यांना म्हणायचे.

"थांबा. हात पुन्हा धुवा."

ती थांबली. वळली. नळाशी जाऊन पुन्हा हात धुवायला लागली.

मी आजूबाजूला बघितलं. सोनम पलीकडं सलाईन लावत होती. धोंडुबाई दाराशी फरशी पुसत होती. त्या दोघी दोन ठिकाणी होत्या, मग ही कोण? एवढ्यात नळ बंद झाला. ती पुन्हा पेटीकडं निघाली.

"पुन्हा... पुन्हा धुवा."

ती परत वळली. कुरकुर नाही, चेहऱ्यावर आठी नाही. माझ्या उभ्या नोकरीत माझं इतकं मुकाट्यानं कोणी ऐकलं नव्हतं.

"सिस्टर..." सोनम माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिचा आवाज बारीक झाला होता. "कुणाला सांगताय... नळ कुणी सोडलाय?"

"मोनाच्या पोरीची पेटी बाहेर ने."

"पण तिला हलवायचं म्हंजे..."

"ने म्हणते ना. आत्ताच्या आत्ता."

तिनं आणि धोंडुबाईनं मिळून पेटी ढकलत नेली. मी नळाजवळून हलले नाही. ती धुवायची थांबली की मी म्हणायचे, पुन्हा. नळ चालू आहे तोवर तिचे हात बाळाला लागत नाहीत, एवढंच मला कळत होतं. पेटी लाल पट्टीपलीकडं गेली तशी तिनं मान वळवून दाराकडं बघितलं. मी पण बघितलं. परत वळले तेव्हा नळ नुसता वाहत होता आणि पुढं कोणी नव्हतं. तो मीच बंद केला.

डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं की नळ तपासा. तपासला तर भिंतीतल्या जुन्या पाईपातच जंतूंचं घर निघालं. जो जास्त धुवेल, तोच जास्त जंतू पेटीत नेणार. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, कमाल केलीत." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. माझे वडील, बाबासो, म्हणायचे की भ्यालीस तर आधी कारण शोध. कारण सापडलं होतं. दमलेल्या डोळ्यांना काहीही दिसतं, असं म्हणून मी ते मिटवलं. तो नळ उखडला, भिंत लिंपली, नव्या लाईनीवर दुसरीकडं नळ बसवला. बाळं जायची थांबली.

मोनाची पोरगी वजन धरायला लागली आणि दिवाळीच्या आत घरी गेली. मोना माझ्या पाया पडायला वाकली. मी ओरडले, "पाया पडू नको, हात धुवत जा." ती रडता रडता हसली.

घरी गेलेल्या बाळांची मी फोनवर चौकशी करायचे. मोनाच्या घरी फोन नव्हता. गल्लीतल्या मागवाल्याचा पीपी नंबर होता. ते लोक तिला हाक मारून बोलवायचे. तिकडं फोन लावला की आधी मागांची खटखट ऐकू यायची, मग माणसाचा आवाज. त्या दिवशी सकाळी मोना ओरडूनच बोलत होती.

"पोरगी झ्याक हाय सिस्टर. आन् तुमी धाडलेली बाई बी आलीया की."

"कसली बाई?"

"न्हाऊ घालणारी. बाळंतिणीला आन् बाळाला न्हाऊ घालाय बाई लावत्यात न्हवं? मी म्हटलं आमी कुणाला सांगितलं न्हाय, तर म्हणाली दवाखान्यातनं आलीया. लई शिस्तीची. आल्याआल्या हातच धुवायलीया, कोपरापतोर. बघून तुमचीच याद आली."

मी खुर्चीतनं उठले.

"मोना, पोरगी कुठाय?"

"माझ्याजवळच, काखेत."

"तिच्या हातात द्यायची नाही. ऐकलंस? ती पोरगी मागायला लागली की म्हणायचं, हात पुन्हा धुवा. मी येईपर्यंत तेवढंच म्हणत राहायचं."

"अवो पण का..."

"मोना, तुला माझी शपथ आहे. पोरगी सोडू नको."

मी ड्रेसवरच एसटीत बसले. इचलकरंजी येईपर्यंत मी काय काय विचार केले ते विचारू नका. तिच्या गल्लीत शिरले तेव्हा दोन्ही बाजूंनी माग चालू होते, जमीन हलत होती. मोना दारातच उभी होती. पोरगी तिच्या खांद्यावर, डोळे टक्क उघडे, अंगाला चांगली ऊब. मी तिला हातात घेतली. हात न धुता घेतली, नोकरीत पहिल्यांदा. माझं मलाच रडू आलं.

"गेली ती," मोना माझ्या कानाशी ओरडून म्हणाली. "तुमी सांगितलं तसंच म्हणत ऱ्हायले. धुत ऱ्हायली बिचारी. मग थांबली, आन् माझ्याकडं बघत ऱ्हायली. मला भ्या वाटलं सिस्टर."

"काही बोलली?"

"जाताना इचारलं, गल्लीत आनि कुठं बाळंतीण हाय का म्हणून."

"आणि तू काय सांगितलंस?"

मोनाचा चेहरा उतरला. तिनं समोरच्या घराकडं हात केला. "तानाबाईची सून... परवाच बाळंत झालीया."

मी पोरगी तिच्याकडं दिली आणि धावले. दार आतनं लावलेलं होतं. शेजारी मोरीच्या पाईपातनं पाण्याची धार गटारीत पडत होती. म्हणजे ती अजून धुत होती. मी दोन्ही हातांनी दार बडवलं, "पुन्हा धुवा, पुन्हा धुवा," म्हणून जीव तोडून ओरडले. मागांच्या खटखटीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी ओरडत होते आणि पाईपाकडं बघत होते. धार बारीक झाली. मग थेंब थेंब पडायला लागले, आणि तेही थांबले.